हिरडीचे ऑपरेशन दात वाचवण्यासाठी

आरमोरीत महिलांच्या बैठकीत आम्ही दातांचा विषय काढला, की आधी सगळ्या पदराआड हसतात. मग एखादी हळूच सांगते, "सकाळी थुंकीत रगत येते जी." दुसरी लगेच म्हणते, "पण साफ केले का दात ढिल्ले होतेत." धानाच्या कापणीनंतर अशीच एक शेतमजूर बहीण आमच्याकडे आली. समोरचे दोन दात हलत होते, हिरडीतून पू येत होता. "काढूनच टाकते," म्हणाली. आम्ही तिला थांबवले.

दातांवर रोज चिकट थर बसतो. तो निघाला नाही, तर कडक होऊन त्याचे किटण बनते. हिरडी सुजते, रक्त येते. इथवर आजार पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केले, तर हिरडी दातापासून सुटते आणि मधे खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. ५-६ मिलिमीटर झाली, की ब्रश तिथे पोचत नाही आणि आतले हाड झिजते. दात हाडाच्या आधारावर उभा असतो. आधार गेला, की तो हलतो. म्हणजे दात ढिला करतो तो आजार. किटण निघाल्यावर फट उघडी पडते, म्हणून दोष सफाईला जातो.

पहिला उपचार म्हणजे किटण काढणे आणि मुळे खोलवर साफ करणे. साधारण ६ ते ८ आठवड्यांनी डॉक्टर खिसे पुन्हा मोजतात. खोल राहिले, तरच ऑपरेशन. त्याला फ्लॅप सर्जरी म्हणतात. इंजेक्शनने तेवढी जागा बधिर करून हिरडी उचलतात, मूळ डोळ्यांसमोर स्वच्छ करतात आणि टाके घालतात. त्याच दिवशी घरी येता येते. टाके ७ ते १० दिवसांनी निघतात. शुगर असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. प्रत्येक दात वाचेलच असे नाही, पण उशीर केला, तर वाचण्याची शक्यता कमी होत जाते.

आपल्याकडे खरी अडचण खर्‍याची आहे. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही. हिरडीतून रक्त कमी दिसते, त्यामुळे आजार लपतो. ऑपरेशन करून पुन्हा खर्रा तोंडात टाकला, तर केलेले वाया जाते. २०१६मध्ये जिल्ह्यात सुरू झालेल्या मुक्तिपथ अभियानाने खर्रा आणि दारूविरुद्ध गावोगावी काम केले. तोंड कमी उघडत असेल, पांढरा चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर कॅन्सरची तपासणी लगेच करून घ्या.

आधी आरमोरीच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. मोठा उपचार लागला, तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्या माणसांना ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेडचा हा रस्ता नवा नाही.

त्या बहिणीचा एक दात गेला, एक वाचला. खर्रा सोडायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. आता बैठकीत "दात ढिल्ले होतेत" कुणी म्हटले, की उत्तर आम्हाला द्यावे लागत नाही. तीच देते.