उन्हाळ्यातली बाग मुळांशी सांभाळावी

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात दुपारचा पारा चाळिशीला टेकतो. हवेचं तापमान रोज वर्तमानपत्रात छापून येतं, कुंडीतल्या मातीचं मात्र कुणी मोजत नाही. पश्चिमेच्या उन्हातल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी तीनला हात लावून पाहा, चटका बसतो. त्याच भिंतीला आतून चिकटून झाडाची बारीक पांढरी मुळं असतात आणि पाणी शोषायचं काम तीच करतात. जमिनीतलं झाड मुळं खाली गारव्यात नेऊ शकतं, कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. त्यामुळे माझ्या गच्चीवरच्या बागेत उन्हाळ्याचं काम मुळांपासून सुरू होतं.

पहिलं काम कुंड्या हलवण्याचं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग सोडत राहतो. मार्च संपायच्या आत प्रत्येक कुंडी दोन विटांवर चढवली की खालून वारा खेळतो आणि तळाची भोकं बुजत नाहीत. मग कुंड्या एकमेकींच्या जवळ आणायच्या. कण्हेर, बोगनवेल, सोनचाफा अशी मोठी आणि चिवट झाडं पश्चिमेला, त्यांच्या सावलीत गुलाब आणि जास्वंद, सर्वांत आत नेचे आणि शोभेच्या पानांची झाडं. मातीच्या कुंड्यांच्या अंगातून पाणी झिरपून त्या स्वतःला गार ठेवतात. प्लास्टिकच्या कुंड्यांना मी गोणपाट गुंडाळते किंवा बाहेरून चुन्याचा हात देते.

हिरवी जाळी सगळ्यांवर सरसकट लावू नये. गुलाबाला आणि जास्वंदीला पन्नास टक्के सावलीची जाळी दुपारपुरती पुरते. मोगरा, सदाफुली, बोगनवेल, अडेनियम यांना मात्र उघडं ऊनच हवं. जाळीखालचा मोगरा पानांनी गच्च भरतो, पण कळ्या धरत नाही.

दुसरं काम आच्छादनाचं. फेब्रुवारीपासून पुण्याच्या रस्त्यांवर वड, पिंपळ, बदाम यांचा पाचोळा पडतो आणि दुर्दैवाने त्यातला बराचसा कोपऱ्यात ढीग करून जाळला जातो. हाच पाचोळा कुंडीतल्या मातीवर दोन इंच पसरला की ऊन मातीला थेट लागत नाही आणि ओल टिकते. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवायची, नाहीतर खोड दमट राहून कुजतं. उरलेला पाचोळा जाळीच्या क्रेटमध्ये दाबून भरायचा, अधूनमधून ओलवायचा आणि विसरून जायचं. पाच-सहा महिन्यांत त्याचं काळं, भुसभुशीत पानखत होतं. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या चळवळीने पाचोळा असलेले आणि पाचोळा हवा असलेले नागरिक एकमेकांशी जोडून दिले. त्यामुळे शेजारच्या सोसायटीकडे पाचोळ्याची पोती मागायला कुणाला आता संकोच वाटत नाही.

खरी कसोटी पाण्याची. वेळ सकाळची, शक्यतो सातच्या आत. पाणी सावकाश, तळाच्या भोकातून थोडं वाहून येईपर्यंत घालायचं. रोज वरवर शिंपडलेलं पाणी वरच्या इंचभर मातीत राहतं आणि मुळंही पाण्यामागे वर येतात, म्हणजे नेमकी तापलेल्या थरात. माती फार वाळली असेल तर ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. आपल्याला वाटतं झाड पाणी प्यालं, मुळं मात्र कोरडीच असतात. अशी कुंडी पाण्याच्या टबमध्ये अर्धा तास बसवावी.

दुपारी दोनला जास्वंदीने मान टाकलेली दिसली की हात झारीकडे जातो. आधी बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहायचं. माती ओलसर लागली तर पाणी घालायचं नाही. पानांतून उडून जाणाऱ्या पाण्याशी मुळांचा वेग जुळत नाही, म्हणून पानं तेवढ्यापुरती लोंबतात. ऊन कललं की सहाच्या सुमारास तीच पानं ताठ होतात. भरल्या मातीत पुन्हा पाणी ओतलं की मातीतली हवा निघून जाते आणि मूळकुज सुरू होते. मुळं कुजलेलं झाडही सुकलेलंच दिसतं, त्यामुळे त्याला आणखी पाणी मिळतं आणि ते हातचं जातं. सकाळी उठल्यावरही पानं लोंबलेली असतील आणि बोटाला माती कोरडी लागत असेल, तर ती खरी तहान.

पाणी कुठलं, याकडेही लक्ष हवं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढली की तो इशारा समजावा आणि एकदा भरपूर पाणी घालून क्षार खालून वाहून जाऊ द्यावेत. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी याच कारणाने कुंड्यांना देऊ नये, फरशी पुसायला वापरावं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र खुशाल द्यावं.

मे महिन्यात गावी जायचं असतं. त्यासाठी मी संक्रांतीची सुगडं जपून ठेवते. सुगड भाजलेल्या मातीचं, बिनझिलईचं असतं. ते गळ्यापर्यंत कुंडीत पुरून पाण्याने भरलं आणि वर पणती झाकली की भोवतालची माती वाळेल तसं पाणी झिरपतं, माती ओली असेल तर थांबतं. मोठ्या कुंडीला सुगड पुरत नाही, तिथे छोटं मडकं लागतं. ही युक्ती फार जुनी आहे. चीनमधल्या फान शंगचिच्या कृषिग्रंथात, म्हणजे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, पुरलेल्या मडक्यांनी पाणी देण्याची रीत नोंदवलेली आहे. सुगडाची छिद्रं क्षारांनी बुजतात, म्हणून दर हंगामात ते घासून उन्हात वाळवावं लागतं.

इतकी राखण केली की उन्हाळा भरभरून देतो, आणि त्याचं सगळ्यांत मोठं देणं मोगरा. मोगऱ्याच्या कळ्या बहुधा तिनाच्या झुबक्यात येतात. मधली टपोरी कळी आधी उमलते, बाजूच्या दोन तिच्या मागून. संध्याकाळी कळीचा हिरवट रंग जाऊन ती दुधाळ झाली, की ती त्याच रात्री उमलणार. तीच वेळ खुडण्याची. तिन्ही फुलं होऊन गेली की ती फांदी पानांच्या दोन जोड्या खाली येऊन कापायची. मोगरा नव्या फुटीवरच फुलतो. कापलेल्या जागेखालच्या पानांच्या बेचक्यांतून दोन धुमारे निघतात आणि त्या दोन्हींच्या टोकांना पुन्हा झुबके लागतात. फुलं नुसती तोडून फांद्या तशाच ठेवल्या, तर झाड उंच आणि विरळ होत जातं. बटमोगरा असो की मदनबाण, मार्चपासून पावसापर्यंत हे चक्र चालू ठेवणं आपल्या कात्रीच्या हातात आहे. गुलाबाला मात्र या दिवसांत कात्री फक्त सुकलेल्या फुलांपुरती. त्याची जोरकस छाटणी ऑक्टोबरात, उन्हाळ्यात त्याची पानं हीच त्याची सावली.

कोरड्या उष्णतेत किडीही जोर धरतात. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली तर आधी शेंडे तपासावेत, कारण पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांना जपतात आणि पसरवतात. जुन्या टूथब्रशने ते खरवडून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण मिसळून ऊन उतरल्यावर फवारावं. भर उन्हात तेल फवारलं तर पानं करपतात. गुलाबाची पानं फिकी, धूळ बसल्यासारखी वाटली तर पान पांढऱ्या कागदावर झटकावं. हलणारे लालसर कण दिसले तर तो लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूने रोज सकाळी पाणी मारलं की तो आटोक्यात येतो. या दिवसांत रासायनिक खत आणि ताजं शेण दोन्ही टाळावं. तापलेल्या मुळांना ते सोसत नाही.

हिवाळी फुलं संपल्यावर रिकाम्या झालेल्या कुंड्यांतली माती टाकू नये. शेतकरी उन्हाळी नांगरट करून जमीन तापू देतात, तेच गच्चीवर करता येतं. माती ओली करून चादरीसारखी पसरायची, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवायची. आतल्या उष्णतेने तणांचं बी, बुरशी आणि सूत्रकृमी बऱ्याच प्रमाणात मरतात. इस्रायलमध्ये याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली या पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्लास्टिक पारदर्शकच हवं, ऊन आत शिरलं तरच माती तापते. तापवलेल्या मातीत नंतर एक हिस्सा पानखत मिसळलं की पावसाळी झेंडूसाठी ती तयार. शेवंतीचे फुटवे वेगळे करून लावायचे तेही याच सुमारास.

मे महिन्यात नर्सरीतली फुललेली रोपं मोह घालतात. ती जाळीखाली वाढलेली असतात आणि गच्चीवरच्या उन्हात आठवड्याभरात होरपळतात. ते पैसे यंदा मडकी, गोणपाट आणि पन्नास टक्क्यांची जाळी यांवर खर्च करा. सोसायटीच्या कोपऱ्यात जळायला निघालेला पाचोळा मागून आणा. रोपांची खरेदी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर करा, तेव्हा लावलेलं झाड लवकर जीव धरतं.