जव्हार-मोखाड्याचा चिखल आणि प्रेशर वॉशर

पालघर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने दुचाकी चालवणे म्हणजे चिखलाशी रोजचा व्यवहार असतो. मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारला आणि तेथून मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वर-नाशिककडे जाणारा डांबरी रस्ता सोडला की पाड्यांकडे फुटणाऱ्या अनेक वाटा मुरमाच्या आणि लाल मातीच्या असतात, आणि काही तर भातखाचरांच्या बांधालगतच जातात. दाभोसा धबधबा, सूर्यमाळचे पठार आणि खोडाळ्याच्या आसपासचे डोंगर येथे मुंबई आणि नाशिककडचे हौशी स्वार येतात, ते बहुधा याच वाटांसाठी. त्यांच्याकडे असते ती डर्ट बाइक, म्हणजे उंच बैठकीची, लांब चालीच्या शॉकअबसॉर्बरची आणि खोल खाचांचे बटन टायर असलेली, कच्च्या वाटेसाठी बांधलेली दुचाकी. हिरोची इम्पल्स २०११ मध्ये, रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये आणि हिरोची एक्सपल्स २०१९ मध्ये बाजारात आल्यापासून असे वाहन सर्वसाधारण नोकरदाराच्याही आवाक्यात येऊ लागले. मात्र पाड्यावरच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षकाची किंवा आरोग्यसेवकाची शंभर सीसीची साधी गाडी त्याच चिखलातून रोज जाते, आणि धुण्याचा प्रश्न तिच्यासाठीही तितकाच खरा असतो.

येथील माती बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली आहे. पठारावर ती लोहयुक्त आणि तांबूस, तर सखल भागात काळसर आणि चिकट आढळते. तिचे कण इतके बारीक असतात की ओल्या अवस्थेत ते चेनच्या कड्यांत, रेडिएटरच्या पातळ पात्यांत, मडगार्डच्या आतल्या बाजूस आणि इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावर थराने बसतात. वाळल्यावर हाच थर कठीण होतो, ओलावा धरून ठेवून लोखंडाला गंज चढवतो आणि इंजिनाची उष्णता बाहेर पडू देत नाही. बादली आणि फडके घेऊन हा थर काढता येतो, पण त्यात वेळ फार जातो, शिवाय मातीतील खडे रंगावर घासले जाऊन ओरखडे उठतात. म्हणून प्रेशर वॉशर, म्हणजे साधे पाणी पंपाने दाबून बारीक तोंडातून वेगाने सोडणारे यंत्र, येथे चैनीची वस्तू मानण्याचे कारण नाही. टिकाऊ यंत्र कशास म्हणावे, हा खरा प्रश्न आहे.

या यंत्राचा व्यापारी इतिहास फार जुना नाही. आल्फ्रेड कार्शर यांनी १९३५ साली जर्मनीतील स्टुटगार्ट परिसरात सुरू केलेल्या कंपनीने १९५० साली गरम पाण्याचे उच्चदाब धुलाई यंत्र तयार केले आणि १९८४ साली याच कंपनीने घरगुती ग्राहकासाठी हातात धरून नेता येईल असे यंत्र आणले. तेव्हापासून कारखान्यातील यंत्र घराच्या अंगणात आले, पण अंगणात येताना त्याचे वजन आणि किंमत जशी घटली, तसे त्याचे अनेक भाग प्लास्टिकचेही झाले. आज ऑनलाइन दुकानांत सारख्याच पिवळ्या, निळ्या किंवा तांबड्या खोक्यात दिसणारी दोन यंत्रे आतून पूर्णपणे वेगळ्या जातीची असू शकतात, आणि हा फरक खोक्यावर ठळक छापलेल्या ‘बार’च्या आकड्यावरून कळत नाही. बार हे दाबाचे एकक असून एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब होय.

पहिला फरक मोटरचा आहे. स्वस्त यंत्रांत मिक्सरमध्ये असते तशी कार्बन ब्रशची मोटर असते. ती हलकी असते, मिनिटाला अनेक हजार फेरे घेते, कर्कश आवाज करते आणि तिचे ब्रश घासून संपतात. इंडक्शन मोटरमध्ये ब्रश नसतात. तिचे फेरे विजेच्या ५० हर्ट्झ आवर्तनाशी बांधलेले असल्याने दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे २८०० आणि चार ध्रुवांची सुमारे १४०० फेरे घेते. फेरे कमी म्हणजे पंपाची झीज कमी, आणि म्हणूनच दिवसभर चालणाऱ्या वॉशिंग सेंटरमध्ये चार ध्रुवांची जड मोटरच दिसते. घरी आठवड्यातून एकदा गाडी धुणाऱ्याला दोन ध्रुवांची इंडक्शन मोटर पुरते. ब्रशची मोटर अगदीच टाकाऊ नाही, पण तिला सलग १५-२० मिनिटांहून अधिक राबवू नये.

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा फरक पंपाचा आहे. बहुतेक घरगुती यंत्रांत मोटरच्या दांड्यावर तिरकी बसवलेली चकती फिरते आणि ती तीन लहान दट्ट्यांना, म्हणजे पिस्टनना, इंजेक्शनच्या सिरिंजप्रमाणे आळीपाळीने पुढे-मागे ढकलते. दट्टा मागे येताना पाणी आत ओढले जाते, पुढे जाताना ते झडपेतून बाहेर लोटले जाते, आणि तिन्हींचे काम एकामागून एक चालत असल्याने धार अखंड वाटते. मोठ्या यंत्रांत चकतीऐवजी मोटरसायकलच्या इंजिनात असतो तसा क्रँकशाफ्ट असतो, त्याला वेगळे तेल असते, दट्टे सिरॅमिकचे असतात आणि पंपाचे तोंड पितळेचे असते. पितळ गंजत नाही, आटे झिजले तरी पुन्हा पाडता येतात आणि झडप खोलून साफ करता येते. प्लास्टिकच्या तोंडाला एकदा तडा गेला की पूर्ण पंपच बदलावा लागतो. तेलाच्या पंपाला बहुधा एक लहान काचेची खिडकी असते. तिच्यातून दिसणारे तेल मधाच्या रंगाचे असेल तर सर्व ठीक समजावे, पण ते दुधाळ दिसू लागले तर दट्ट्याभोवतीच्या सीलमधून पाणी आत शिरत आहे आणि यंत्र उघडण्याची वेळ आली आहे. असा इशारा देणारे यंत्र घेणे केव्हाही शहाणपणाचे, कारण बंद डब्यासारखी यंत्रे कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतात.

खोक्यावरील दाव्यांची पारख करण्यासाठी एक साधे गणित उपयोगी पडते. कामाचा दाब बारमध्ये आणि मिनिटाला पडणारे पाणी लिटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ६०० ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे पाण्याला प्रत्यक्ष मिळालेली शक्ती किलोवॉटमध्ये असते. १०० बार आणि ७ लिटर असतील तर ती सुमारे १.१७ किलोवॉट होते, आणि मोटर-पंपातील तूट धरून १.६ ते १.८ किलोवॉटचे यंत्र ती देऊ शकते. त्याच १.८ किलोवॉटच्या यंत्रावर ‘२०० बार, १० लिटर’ असे छापले असेल, तर उत्तर ३.३ किलोवॉट येते, म्हणजे हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असणे अशक्य आहे. विक्रेते बहुधा क्षणभर गाठलेला कमाल दाब मोठ्या अक्षरांत आणि कामाचा दाब बारीक अक्षरांत देतात. ग्राहकाने बारीक अक्षरेच वाचावीत.

डर्ट बाइकसाठी मुळात इतका दाब लागतही नाही. चिखल सुटतो तो भिजल्यामुळे आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जातो. अतिदाबाने रंग, स्टिकर आणि सील मात्र निघतात. नाशिक भागातील द्राक्षबागांत औषधफवारणीसाठी वापरला जाणारा एचटीपी पंप ग्रामीण वॉशिंग सेंटरमध्ये का टिकून राहिला, याचे उत्तर येथे मिळते. हा पंप तीन दट्ट्यांचा असतो, मोटर किंवा इंजिनावरून पट्ट्याने फिरवला जातो, आणि साधारण २० ते ४० बार दाबाला भरपूर पाणी देतो. त्याचे फेरे सावकाश, भाग मोठे आणि सुटे असतात. ग्रीसचे कप हाताने पिळून दट्ट्यांना वंगण देता येते आणि सील किंवा झडप बदलण्यासाठी दोन-चार पाने पुरतात. शेतीअवजारांच्या दुकानात त्याचे सुटे भाग मिळतात, आणि जव्हारपासून सुमारे ८० किलोमीटरवरच्या नाशिकमध्ये तो उघडून दुरुस्त करणारे कारागीर कमी नाहीत. दिसायला ओबडधोबड असलेला हा पंप जव्हार-मोखाड्यासाठी अनेक चकचकीत यंत्रांपेक्षा योग्य ठरतो, विशेषतः जेथे चार-पाच गाड्या एकत्र धुवायच्या असतात किंवा शेतीच्या फवारणीलाही तेच साधन वापरायचे असते. (तणनाशक किंवा कीटकनाशक फवारल्यावर पंप आणि पाइप स्वच्छ पाण्याने पुनःपुन्हा धुतल्याशिवाय मात्र गाडीवर वापरू नये.) त्याची अडचण एवढीच, की तो जड असतो, जागा अडवतो आणि पाणी जास्त खातो.

विजेचा विचार न करता येथे कोणतेही यंत्र निवडता येत नाही. लांब वाहिनीच्या टोकाच्या पाड्यावर संध्याकाळी दाब २३० व्होल्टवरून बराच खाली येतो. इंडक्शन मोटरची ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे १८० व्होल्टला ती मूळ ताकदीच्या जेमतेम ६१ टक्के उरते. मोटर गुरगुरते, फिरत नाही, जास्त वीज ओढून तापते आणि तिचे वाइंडिंग जळते. म्हणून तापल्यावर आपोआप वीज तोडणारी संरक्षक कळ यंत्रात असणे अत्यावश्यक आहे. यंत्र सुरू करताना आधी गनचा घोडा दाबून पाइपमधला दाब सोडावा आणि मगच बटण लावावे, म्हणजे मोटरला भाराविना पहिला फेरा घेता येतो. बारीक तारेचे लांबलचक एक्स्टेंशन वापरणे हे यंत्र बिघडण्याचे फार मोठे पण दुर्लक्षित कारण आहे. तार तांब्याची, किमान २.५ चौरस मिलिमीटर जाडीची आणि शक्य तितकी आखूड असावी. ओल्या अंगणात उभ्या माणसाच्या जिवासाठी चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारी सुरक्षा कळ यांत तडजोड करू नये.

पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. याच तालुक्यातील कोचाळेजवळचे मध्य वैतरणा धरण मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी बांधले गेले, ही विषमता येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे. मिनिटाला ७ लिटर टाकणाऱ्या यंत्राचा घोडा आठ मिनिटे दाबून धरला की एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याएवढे पाणी संपते. त्या मानाने नळाला जोडलेला साधा पाइप अधिक उधळा असतो, हे खरे असले तरी मार्च ते मे या काळात मोखाड्यात गाडी पाण्याने धुणे टाळावे, कोरडी धूळ ब्रशने झाडून ओल्या फडक्याने पुसावी, हेच योग्य. सुदैवाने चिखल आणि पाणी येथे एकाच ऋतूत येतात. २० चौरस मीटरच्या पत्र्याच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २००० लिटर पाणी उतरते, आणि त्यातला थोडा भाग पिंपात धरला तरी आठवड्याची धुलाई भागते.

पण पिंपातून पाणी ओढण्याची क्षमता प्रत्येक यंत्रात नसते. काही यंत्रांना नळाचे दाबाचे पाणीच लागते. पाणी अपुरे मिळाले तर पंपात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि झडपा व सील पोखरून काढतात. म्हणून खरेदीपूर्वी यंत्र स्वतः पाणी खेचते की नाही हे विचारावे, पिंप यंत्राच्या पातळीला किंवा वर ठेवावे, पाइप आधी पाण्याने भरून घ्यावा आणि तोंडाला बारीक जाळी लावावी. छपरावरून आलेल्या पाण्यातली बारीक रेती ही पंपाची सर्वांत मोठी शत्रू आहे.

धुताना गाडी गार झालेली असावी, सायलेन्सरचे तोंड बुचाने आणि एअर फिल्टरकडे जाणारी वाट झाकणाने बंद असावी. आधी कमी धारेने सगळा चिखल भिजवून पाचेक मिनिटे थांबावे. नोजलवरचे रंग धारेचा कोन सांगतात: तांबडा शून्य अंशाचा, पिवळा १५, हिरवा २५ आणि पांढरा ४० अंशांचा. दुचाकीवर पांढरा किंवा हिरवाच वापरावा आणि दीड-दोन फूट अंतर राखावे. तांबड्या नोजलची सुईसारखी धार चाकाच्या बेअरिंगवर, फोर्कच्या सीलवर किंवा हँडलच्या कोनसेटवर रोखली, की ग्रीस बाहेर जाऊन पाणी आत शिरते आणि महिन्याभरात चाक घरघरू लागते. चेनच्या कड्यांमधील रबरी रिंगांनाही तीच भीती असते, आणि त्यात काही ठिकाणी डिझेल फवारण्याची जी पद्धत आहे ती रबर फुगवणारी असल्याने टाळलेलीच बरी. रेडिएटरवर धार समोरून सरळ धरावी, तिरकी धरल्यास पाती वाकतात. धुतल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून पाणी उडवावे, चेन कोरडी करून तिला तेल द्यावे आणि ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहावेत.

खरेदी करताना दुकानदाराला विचारायचा प्रश्न दाबाचा नसावा, सील किटचा असावा: ते कितीला मिळते, कोठे मिळते आणि किती दिवसांत येते. कुरिअरला जव्हारपर्यंत पोहोचायला आणि दरड कोसळलेल्या घाटातून मोखाड्याला यायला लागणारा वेळ या उत्तरात धरला पाहिजे. सुमारे १०० बार कामाचा दाब, मिनिटाला ६ ते ८ लिटर पाणी, इंडक्शन मोटर, पितळी तोंडाचा पंप, पिंपातून खेचण्याची सोय आणि पोलादी जाळीचा रबरी पाइप एवढे असेल, तर घरगुती वापरासाठी यंत्र पुष्कळ वर्षे राबते. ऑक्टोबरनंतर त्यातले सर्व पाणी काढून, घोडा मोकळा दाबून पाइप रिकामा करून ते सावलीत ठेवावे. मृगाच्या आधी एकदा जाळी धुऊन, तेलाची खिडकी पाहून आणि मोटर हाताने थोडी फिरवून घ्यावी, कारण महिनोन् महिने कोरडे पडलेले सील दट्ट्याला चिकटलेले असतात आणि त्याच अवस्थेत बटण दाबले तर पहिल्याच फेऱ्यात फाटतात.