लघुलहरींचे छत

अमेरिकेत १९१२ साली कायदा झाला आणि हौशी रेडिओवाल्यांच्या वाट्याला २०० मीटर व त्याहून आखूड लहरी आल्या. लांबचा पल्ला गाठायचा तर लहरीही लांबच हव्यात, अशी त्या वेळी जाणत्यांची समजूत होती. तेव्हा उरलेसुरले रान हौशी मंडळींना मिळाले म्हणा ना! पण नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेआँ देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी शंभर-एकशेदहा मीटरच्या आसपासच्या लहरींवर, अटलांटिक ओलांडून, एकमेकांशी संदेशांची देवघेव केली.

हे घडले कसे? सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे वरच्या विरळ हवेतील इलेक्ट्रॉन मोकळे होतात. हेच आयनांबर. त्यातला सुमारे २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा एफ थर लघुलहरींना वाकवून जमिनीकडे परत धाडतो.

पण सरसकट सगळ्या लहरींना नव्हे. समजा, सरळ वर सोडलेली लहर ७ मेगाहर्ट्झपर्यंतच परत येते आहे. त्यापुढची थर भेदून अवकाशात जाते. आता लहर तिरपी सोडा. तळ्यात चपटा दगड उभा टाकला तर बुडतो, तिरपा भिरकावला तर टप्पे घेत जातो, काहीसे तसेच. क्षितिजालगत सोडलेली लहर सुमारे तिपटीपर्यंत, म्हणजे येथे २१ मेगाहर्ट्झपर्यंत, परत येते आणि एका टप्प्यात चारएक हजार किलोमीटर जाते. म्हणूनच दिवसा १४ मेगाहर्ट्झवर पुण्याच्या माणसाला पुष्कळदा दिल्ली खणखणीत ऐकू येते आणि जवळचे नाशिक मात्र मुके!

हे झाले छत. तळाची मर्यादा डी थराची. साठ ते नव्वद किलोमीटरवरचा हा थर दिवसा लहरी चक्क गिळतो. कंप्रता निम्मी केली की शोषण जवळजवळ चौपट. भर दुपारी ३.५ मेगाहर्ट्झवर दूरचे केंद्र मिळत नाही ते यामुळे. सूर्य मावळला की हा थर विरतो.

या दोन मर्यादांत एक फरक आहे. शोषणावर जास्त शक्तीने थोडीफार मात करता येते, छतावर नाही. शंभर वॉटचे यंत्र हजार वॉटचे केले तरी छताबाहेरची लहर अवकाशातच जाणार. (तरीही नवशिके आधी खिशात हात घालतात!) ते छत हलवतो एकटा सूर्य: रोज, ऋतूंनुसार आणि सुमारे अकरा वर्षांच्या डागांच्या चक्रात. १९५७-५८ मध्ये डाग कमालीचे वाढले, तेव्हा १० मीटरच्या पट्ट्यावर थोड्याशा वॉटांत जगभर बोलता येई.

छताच्या अगदी टोकाला मात्र चिकटू नये, ते क्षणाक्षणाला डळमळते. पंधराएक टक्के खाली राहिलेले बरे. आणि संध्याकाळी २१ मेगाहर्ट्झवर बोलता बोलता समोरचा आवाज बुडाला, तर एरियल उतरवू नका. १४ वर या. तेथेही सामसूम झाली तर ७ वर. तोवर डी थर विरलेला असेल.