साठी बुद्धी नाठी? आधी रक्तदाब तपासा!

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडी फार सहज येते. अल्लीपूरसारख्या गावात आजोबांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की घरचे हसतात आणि विषय संपतो. आमचे म्हणणे असे, की विषय तिथून सुरू व्हायला हवा.

शेजाऱ्याचे नाव चटकन न आठवणे आणि थोड्या वेळाने आठवणे, हे वयाप्रमाणे चालायचेच. पण रोजच्या वाटेने शेतात गेलेला माणूस घराचा रस्ता चुकतो, मजुरीचा हिशेब जमेनासा होतो, तेव्हा डॉक्टर गाठावा. नागपूरच्या 1956 च्या दीक्षेची गर्दी बारकाव्याने सांगणारी आजी सकाळची गोळी घेतली की नाही ते विसरते. म्हणून तिची आठवण शाबूत आहे असे समजू नका. स्मृतिभ्रंशात बहुधा ताजे आधी पुसते, जुने मागाहून.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढील शंभरात सातांहून अधिक, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना हा विकार आहे. स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने 2024 मध्ये 14 कारणे सांगितली. ती सगळी दूर झाली तर जगातील जवळपास 45 टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज.

त्या यादीत एक कारण आहे, लहानपणी न मिळालेले शिक्षण! ज्या पिढीला शाळेत दाराबाहेर बसवले, तिच्या वाट्याला हाही भोग आला. शिवाय अंगठा लावणाऱ्याची परीक्षा अक्षरांवरून घेतली तर तो नापासच व्हायचा. म्हणूनच हरियाणातील बल्लभगड येथे 1990 च्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार करण्यात आली. तेव्हा म्हातारे माणूस किती शिकले आहे, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

बाकीची कारणे आपल्या घरातलीच आहेत. चाळिशीत वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या मात्र वर्षानुवर्षे खराब करतो. साखरेचेही तसेच. बरे वाटले म्हणून गोळी सोडणारे आमच्या ओळखीत कितीतरी आहेत! बिडी आणि दारू त्या यादीत आहेतच. खर्ऱ्यातल्या तंबाखूनेही रक्तदाब चढतो. चुलीचा धूर म्हणजे घरातले प्रदूषणच. ऐकू येईनासे झाले की माणूस बोलणे टाळतो, एकटा पडतो, आणि आपण म्हणतो, ‘बुढ्याला काही समजत नाही.’ मुले कामासाठी नागपूर-पुण्याला गेलेली असली तर मग बोलायलाही कुणी नसते.

विसरण्याची काही कारणे तर औषधाने सुधारतात : बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, मनाची उदासी. पडून डोक्याला मार लागल्यावर काही आठवड्यांनी माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर आत रक्त साचलेले असू शकते. एक-दोन दिवसांतच एकाएकी बरळू लागला, तर ते बाहेरचे नव्हे. अंगारे-धुपारे करीत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

रक्तदाब आणि साखर गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात तपासता येते. पुढच्या तपासणीसाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे रुग्णालय जिल्ह्यातच आहे. जाताना रोज सोबत राहणारे माणूस बरोबर असावे, कारण काय बिघडले ते तेच नीट सांगू शकते. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या, झोपेच्या गोळ्यांचीसुद्धा. त्यांनीही विसरायला होते.