ऑफिसात साइट उघडत नाही? आधी ती कुठे अडली ते शोधा

दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यवसायांसाठी २० तारीख म्हणजे जीएसटीआर-३बीचा शेवटचा दिवस. नेमकं त्याच दिवशी अकाउंट्समधल्या संगणकावर पोर्टल उघडलं नाही, की लगेच ठरून जातं: "आयटीवाल्यांनी साइट ब्लॉक केली." मग कुणी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडतं, कुणी फुकटचं व्हीपीएन टाकतं. त्या दिवसापुरतं काम निभावतं, पण दोष तसाच राहतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा डोकं वर काढतो. आपला संगणक, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा, ऑफिसची फायरवॉल, इंटरनेट पुरवठादार आणि खुद्द ती साइट, यांपैकी कुठेही खोळंबा होऊ शकतो. तो कुठे झाला हे कळल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय अंदाजपंचे ठरतो.

गैरसमज १: साइट उघडली नाही, म्हणजे ती ब्लॉकच केली आहे.

वस्तुस्थिती: फायरवॉलने अडवलं असेल तर बहुधा तसं सांगणारं पान येतं. त्यावर साइटचा वर्ग आणि कधी नियमाचं नावही असतं. मात्र एचटीटीपीएस साइटच्या बाबतीत हे पान दरवेळी दिसेलच असं नाही. नुसती जोडणी तुटते किंवा प्रमाणपत्राचा इशारा येतो. बाकीचे संदेश वेगळं काही सांगत असतात. 'एनएक्सडोमेन' म्हणजे त्या नावाचा पत्ताच सापडला नाही. 'टाइम्ड आउट' म्हणजे पलीकडून वेळेत उत्तर आलं नाही. ४०४ म्हणजे सर्व्हर भेटला, पण ते पान तिथे नाही. ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही; शेवटच्या तारखेच्या गर्दीत तो दिसला तर आधी गर्दीचाच संशय घ्यावा. ४५१ हा आकडा कायदेशीर कारणाने अडवलेल्या पानांसाठी २०१६ मध्ये प्रमाणित झाला.

४०३ म्हणजे विनंती पोचली, पण प्रवेश नाकारला गेला. हा नकार अनेकदा समोरच्या साइटचा असतो. सबंध ऑफिस बाहेरच्या जगाला बहुतेक वेळा एकाच आयपी पत्त्यावरून दिसतं. एका संगणकात व्हायरस शिरून तो बाहेर कचरा पाठवू लागला, तर समोरची साइट त्या पत्त्यालाच बंदी घालते आणि शिक्षा सगळ्यांना होते.

गैरसमज २: मोबाइलवर उघडते, म्हणजे दोष फायरवॉलचाच.

वस्तुस्थिती: मोबाइल डेटावर गेलात की यंत्र, डीएनएस, पुरवठादार आणि आयपी पत्ता असं सगळंच एकदम बदलतं. त्यावरून साइट चालू आहे एवढंच सिद्ध होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. आधी त्याच संगणकावर दुसरा ब्राउझर. मग त्याच नेटवर्कवर शेजारचा संगणक. शेजारी उघडली, तर शोध आपल्या यंत्रापासून सुरू करावा.

तिथे सापडणारी कारणं साधी असतात. साइट नव्या सर्व्हरवर गेलेली असते आणि संगणकाने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. मदरबोर्डवरची बॅटरी संपून तारीख काही वर्षं मागे गेली, तर साइटचं प्रमाणपत्र संगणकाला अवैध वाटतं आणि एकामागून एक साइट इशारे देऊ लागतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी साइटना प्रमाणपत्रं देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा अद्ययावत न केलेल्या कित्येक यंत्रांवर चांगल्या साइट उघडेनाशा झाल्या. कुणीही काहीही ब्लॉक केलेलं नव्हतं.

मोठ्या कंपन्यांत आणखी एक कारण दिसतं. कंपनीची रहदारी परदेशातल्या सर्व्हरमधून बाहेर पडत असेल, तर भारतातली सरकारी साइट अडते, कारण अशा अनेक साइट देशाबाहेरच्या पत्त्यांना प्रवेश देत नाहीत.

गैरसमज ३: फिल्टरने अडवली, म्हणजे साइटमध्ये काहीतरी वावगं असणारच.

वस्तुस्थिती: ऑफिसचा आयटी विभाग एकेक साइट पाहून नियम लावत नाही. फिल्टर पुरवणारी कंपनी साइटचे वर्ग पाडते आणि ऑफिस काही वर्ग बंद ठेवतं. हे वर्गीकरण बव्हंशी यंत्राकडून होतं, म्हणून चुकतंही. फसवणुकीच्या साइट बऱ्याचदा नव्या नावाने उभ्या राहतात, त्यामुळे नुकतीच नोंदवलेली नावं सरसकट बंद ठेवण्याची पद्धत आहे. तुम्हाला माल पुरवणाऱ्या कंपनीने गेल्या आठवड्यात सुरू केलेली साइट अडते ती यामुळे.

१९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खाती उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या नावातल्या अक्षरांत त्याला एक असभ्य शब्द सापडला होता. ३१ जानेवारी २००९ रोजी गूगलच्या धोकादायक साइटच्या यादीत चुकून नुसती तिरकी रेघ नोंदवली गेली. ती रेघ प्रत्येक पत्त्यात असते. त्यामुळे शोधात आलेली जवळपास प्रत्येक साइट काही काळ 'अपायकारक' ठरली. अशी चूक दाखवून दिली की दुरुस्त होते. बहुतेक फिल्टर कंपन्या वर्ग तपासण्याची आणि बदल सुचवण्याची सोय देतात.

गैरसमज ४: साइट अडवतं ते फक्त ऑफिस.

वस्तुस्थिती: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार आणि आपल्या आदेशांद्वारे न्यायालयं साइट बंद करायला लावतात. डिसेंबर २०१४ मध्ये बंद करायला लावलेल्या ३२ साइटच्या यादीत गिटहब, विमिओ आणि इंटरनेट आर्काइव्ह होत्या. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी गिटहब म्हणजे रोजचं काम. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची अधिकृत साइट देशातल्या अनेक जोडण्यांवर कित्येक महिने बंद होती.

आदेश एकच असला तरी प्रत्येक पुरवठादार तो आपापल्या पद्धतीने अमलात आणतो. कुणी डीएनएसचं उत्तर बदलतं, कुणी जोडणी सुरू होताना साइटचं नाव वाचून ती तोडतं. ऑफिसने दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या असतील, तर एकच साइट कधी उघडते, कधी नाही. असा लपंडाव दिसला की फायरवॉलचे नियम उलटेपालटे करण्याआधी दोन्ही लाइन वेगवेगळ्या तपासाव्यात.

गैरसमज ५: डीएनएस बदला, व्हीपीएन टाका, काम झालं.

वस्तुस्थिती: संगणकात गूगलच्या डीएनएसचा ८.८.८.८ हा पत्ता टाकला की ऑफिसचे अंतर्गत सर्व्हर सापडेनासे होतात, कारण त्यांची नावं फक्त ऑफिसच्या डीएनएसला ठाऊक असतात. फुकटचं व्हीपीएन म्हणजे ऑफिसची रहदारी अनोळखी माणसाच्या हाती देणं. इन्कॉग्निटोचाही इथे उपयोग नाही. ते ब्राउझरमधला इतिहास ठेवत नाही, पण फायरवॉलला साइटचं नाव दिसतंच. बिघाड कुकी किंवा एक्स्टेन्शनचा आहे का, एवढं तपासायला मात्र ते चांगलं.

मग करायचं काय?

तक्रारीत "साइट चालत नाही" एवढंच लिहू नका. पूर्ण पत्ता, संदेशाचा स्क्रीनशॉट, नेमकी वेळ, संगणकाचं नाव, शेजारी उघडते की नाही आणि कामासाठी ती का हवी, हे सगळं लिहा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. वेळ आणि पत्ता हाती असला, की आयटीला त्या नोंदींत अडवणारा नियम शोधता येतो.

आयटी विभागाचीही जबाबदारी तेवढीच आहे. सगळं फिल्टर बंद करू नये. तेवढीच साइट मोकळी करावी आणि कारण तक्रारदाराला कळवावं. पळवाटेने एकाचं एक काम होतं. चुकीचा नियम दुरुस्त झाला, तर ती साइट लागणाऱ्या प्रत्येकाचा वेळ वाचतो आणि खरोखर धोकादायक साइट रोखणाऱ्या नियमांवर लोकांचा विश्वास टिकतो.