काटा किती चढला, त्याहून कसा चढला

घाटात गाडीने दम टाकला की गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं: "कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलावं लागेल." पण खोलण्याआधी तपासता येतं. कॉम्प्रेशन गेज, प्लगपाना आणि सेल मारायला एक जोडीदार असला, की पेट्रोल गाडीची ही तपासणी अंगणातही होते. घोटाळा होतो तो आकड्याचा अर्थ लावताना.

गैरसमज: एका वेळी एकच प्लग काढला तरी चालतं.
वस्तुस्थिती: सगळे प्लग काढायचे. नाहीतर स्टार्टरला बाकीच्या सिलिंडरमधली हवाही दाबावी लागते, इंजिन हळू फिरतं आणि आकडा खोटा पडतो. बॅटरी भरलेली, इंजिन गरम आणि एक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला हवा. फ्युएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर आधी काढा. उघड्या भोकांतून येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेला ठिणगी मिळता कामा नये.

गैरसमज: आकडा मोठा म्हणजे इंजिन ठणठणीत.
वस्तुस्थिती: बहुतेक पेट्रोल इंजिनांत १२५ ते २०० पीएसआय दाब मिळतो, नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. पण खरी गोष्ट सांगतो तो सिलिंडरांमधला फरक. १४२, १३८, १४०, १३७ हे इंजिन १७०, १६८, १६५, १२० पेक्षा बरं. फरक १०-१५ टक्क्यांपलीकडे गेला की शंका घ्यावी. उलट, आत कार्बन साचला तर आकडा फुगतोही. शिवाय मुंबईत १७० दाखवणारी गाडी सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला साधारण १४५ दाखवेल. तिथली हवाच विरळ!

गैरसमज: दाब कमी म्हणजे बोअर-पिस्टनचा खर्च आला.
वस्तुस्थिती: त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा सेल मारा. काटा बराच वर गेला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत, कारण तेलाने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. काटा हलला नाही, तर गळती वॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून आहे. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर संशय गॅस्केटवर. कधी टॅपेट जास्त आवळल्याने वॉल्व्ह पूर्ण बसत नाही. तिथे ॲडजस्टमेंटवर भागू शकतं.

गैरसमज: हाच गेज डिझेलला चालेल.
वस्तुस्थिती: डिझेलचा दाब ३०० ते ५०० पीएसआयपर्यंत जातो. त्याला वेगळा गेज लागतो. आणि तेलाचा प्रयोग तिथे अजिबात नको. इतक्या दाबाने तेलच पेटू शकतं.

काढलेले प्लग मात्र १, २, ३, ४ अशा क्रमानेच फडक्यावर मांडा. कमी दाबाच्या सिलिंडरचाच प्लग काळा, तेलकट निघाला आणि तेल सोडल्यावर काटाही चढला, तर रिंगांविरुद्ध दोन साक्षी झाल्या. मग इंजिन खोलायला हरकत नाही.