क्रीडा व अस्पृश्यतानिवारण

क्रीडा व अस्पृश्यतानिवारण : सांघिक खेळात खेळाडूची योग्यता कौशल्यावरून ठरते, जन्मावरून नव्हे. खेळात भेदाभेद विसरण्याचा आदर्श महाराष्ट्राला नवा नव्हता. वारकरी पंथाने पंढरपूरच्या वाळवंटातील खेळाला तोच आध्यात्मिक अर्थ दिला होता. मात्र वाळवंटातील समता देवळात पोहोचली नाही. विसाव्या शतकात क्रिकेटच्या बाबतीतही काहीसे असेच घडले.

चर्मकार समाजातील पालवणकर बाळू (मृ. १९५५) यांनी पुण्यात प्रथम पारशी व नंतर यूरोपियन क्लबात मैदानाची निगा राखण्याचे व सरावाच्या वेळी गोलंदाजी करण्याचे काम केले. यूरोपियनांना हरविण्याच्या ईर्ष्येने पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू झेलीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. स्पर्शाचा निषेध खेळापुरता स्थगित होई आणि खेळ थांबताच पुन्हा लागू होई. ही विसंगती सर्वांना दिसू लागली, यातच या खेळाचे सामाजिक महत्त्व आहे.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने यूरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळविला. त्यात बाळू यांच्या डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना देण्यात आले नाही. १९२० मध्ये त्यांना संघातून वगळण्यात आले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या त्यांच्या बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये अखेर विठ्ठल कर्णधार झाले व चौरंगी स्पर्धेत हिंदू संघ विजयी ठरला.

मैदानावरील ही प्रगती धर्मस्थळी मात्र निरुपयोगी ठरली. २ मार्च १९३० रोजी नाशिक येथे बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो दीर्घकाळ चालूनही दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. बाळू यांनी तिला विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. हिंदू समाजात राहून मान मिळविणे आणि हक्कासाठी त्याच्याशी संघर्ष करणे, हे दोन मार्ग या लढतीत समोरासमोर आले.

अमेरिकेत १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने ब्रुकलिन डॉजर्स संघातून खेळून प्रमुख बेसबॉल साखळीतील वर्णबंदी मोडली. परंतु सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदास बंदी घालणारा कायदा तेथे १९६४ मध्ये झाला. भारतातही अस्पृश्यता रद्द केली ती संविधानाने. यावरून खेळाचे कार्य व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात : खेळ समतेचा प्रत्यय देतो, पण तिला हक्काचे रूप चळवळ व कायदा यांमुळेच प्राप्त होते.